आंतरसंसदीय संघ

आंतरसंसदीय संघ : सार्वभौम देशांच्या राष्ट्रीय संसदांची जागतिक संघटना. स्थापना पॅरिस येथे १८८९ मध्ये. मुख्यालय जिनिव्हा (स्वित्झर्लंड). सदस्य-संसदा १८० हून अधिक. अधिकृत भाषा इंग्रजी व फ्रेंच. 'इंटर-पार्लमेंटरी युनियन' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून बनलेले 'आयपीयू' हे नाव मराठी वृत्तपत्रांत रूढ आहे. येथे सदस्यत्व सरकारांचे नसून संसदांचे असते, आणि संसद म्हटली की तीत विरोधी पक्षही आलाच. संघाच्या रचनेतील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

नाव. 'इंटर' या उपसर्गासाठी मराठीत 'आंतर' की 'अंतर', हा वाद जुना आहे. संस्कृतात 'आन्तर' म्हणजे आतला. त्या न्यायाने 'आंतरसंसदीय' म्हणजे 'संसदेच्या आतला' असा अर्थ होईल, ही शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची हरकत व्याकरणाच्या अंगाने बिनतोड आहे. हिंदीत 'अंतर-संसदीय संघ' असे लिहितात. मराठीत मात्र आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरविद्यापीठीय हे शब्द इतके मुरले आहेत की आता ते उपटून काढणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. म्हणून या नोंदीत 'आंतर' हेच रूप स्वीकारले आहे. नागपूरकरांना हा वाद परका वाटू नये. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा नांदत होत्या, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू-उपसर्गांवरून प्रशासकीय परिभाषा घडवण्याचे मोठे काम याच शहरात बसून केले. 'संघ' या शब्दाची अडचण वेगळी. १९२५ साली नागपुरातच राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला, त्यामुळे येथे नुसते 'संघ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तोच येतो. वर्गात हा विषय शिकवताना 'आयपीयू' म्हणणे सोयीचे पडते ते यामुळेच.

स्थापनेचा काळ. संघ केव्हा सुरू झाला, याची तीन उत्तरे संदर्भग्रंथांत आढळतात. पहिले १८८८ चे. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पॅरिसच्या ग्रँड हॉटेलात ब्रिटिश आणि फ्रेंच संसदसदस्यांची बैठक झाली. ब्रिटिश नऊ आणि फ्रेंच पंचवीसच्या आसपास होते. अमेरिकेशी लवादाचे करार करावेत, हा तिचा मर्यादित विषय होता. दुसरे उत्तर १८८९ चे. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते, आयफेल मनोरा नुकताच उभा राहिला होता, आणि २९ व ३० जून रोजी नऊ देशांचे संसदसदस्य लवादाच्या प्रश्नावर एकत्र जमले. फ्रान्स, ब्रिटन, इटली, बेल्जियम, स्पेन, डेन्मार्क, हंगेरी, अमेरिका आणि लायबेरिया हे ते देश. उपस्थिती शंभराच्या आत होती आणि निम्म्याहून अधिक लोक यजमान फ्रेंचच होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'जागतिक' या शब्दाचे तेव्हाचे माप कळते. तिसरे उत्तर १८९२ चे : त्या वर्षी बर्न येथे कायमचे कार्यालय थाटले गेले, आणि कार्यालयावाचून संघटना कसली, असा या पक्षाचा युक्तिवाद असतो.

१८८९ ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक दिसते. १८८८ ची बैठक दोनच देशांची होती. १८९२ पर्यंत वाट पाहायची तर लंडन (१८९०) आणि रोम (१८९१) येथील परिषदा जन्माआधीच्या ठरतात, आणि ते विचित्र होईल. स्वतः संघ ३० जून १८८९ हाच आपला जन्मदिवस मानतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१८ मध्ये ३० जून हा आंतरराष्ट्रीय संसदीय लोकशाही दिन म्हणून स्वीकारला.

श्रेय कोणाचे, हाही वादाचाच मुद्दा. ब्रिटिश लेखनात विल्यम रँडल क्रेमर यांना पहिला मान मिळतो, तर फ्रेंच लेखनात फ्रेदेरिक पासी यांना. क्रेमर मूळचे सुतार. ते कामगार चळवळीतून वर आले आणि १८८५ मध्ये ब्रिटिश संसदेत पोचले. पासी हे अर्थतज्ज्ञ. शांततेसाठी संस्था उभारण्याचा त्यांचा खटाटोप १८६७ पासून चालू होता. उपलब्ध तपशील पाहता पुढाकार क्रेमर यांचा दिसतो, पण पॅरिसमध्ये त्याला हातपाय फुटले ते पासी यांच्यामुळे. शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये पासी यांना (आँरी द्युनाँ यांच्यासह विभागून) आणि १९०३ चे क्रेमर यांना मिळाले. लवाद हा शब्द प्रारंभी संघाच्या नावातच होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो गळाला आणि कार्यक्षेत्र रुंदावले. १८९९ च्या हेग परिषदेत स्थायी लवाद न्यायालय स्थापन झाले, त्यामागे संघाने आधी केलेल्या मांडणीचा हातभार होता असे सामान्यतः मानले जाते.

कार्यालय बर्नहून ब्रुसेल्सला, पहिल्या महायुद्धात क्रिस्तियानियाला (आजचे ऑस्लो) आणि १९२१ मध्ये जिनिव्हाला गेले. दुसऱ्या महायुद्धात परिषदा थांबल्या. १९४७ मध्ये कैरोत पुन्हा भरल्या.

रचना. संघाची महासभा साधारणतः वर्षातून दोनदा भरते. प्रत्येक संसदेचे आठ प्रतिनिधी येऊ शकतात. ज्या देशाची लोकसंख्या दहा कोटी वा अधिक त्याचे दहा. मतांची वाटणी मात्र डोक्यागणिक नाही. प्रत्येक संसदेला किमान दहा मते, त्यावर लोकसंख्येप्रमाणे वाढीव मते, आणि तीस कोटींपुढील देशांना जास्तीत जास्त तेरा वाढीव, असा हिशेब आहे. भारताला त्यामुळे तेवीस मते मिळतात. एका प्रतिनिधीला दहापेक्षा जास्त मते टाकता येत नाहीत, म्हणजे ही तेवीस मते नोंदवायला निदान तिघे सभागृहात हजर हवेत. शिवाय प्रतिनिधिमंडळाला आपली मते विभागता येतात. सत्ताधारी पक्षाचा खासदार ठरावाच्या बाजूने आणि त्याच बाकावर बसलेला विरोधी पक्षाचा खासदार विरुद्ध, असे एकाच देशाचे मतदान येथे वैध असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशाला एक मत आणि ते सरकार टाकणार. संघाच्या नियमावलीतील सर्वांत मोलाची तरतूद निवडायची तर प्रस्तुत नोंदकार मते विभागण्याच्या या मुभेकडेच बोट दाखवील. संसदेचे प्रतिनिधित्व म्हणजे काय, ते येथे अंकगणितात उतरले आहे.

धोरण ठरवणारे नियामक मंडळ प्रत्येक संसदेच्या तीन प्रतिनिधींचे असते; तिघेही पुरुष किंवा तिघीही स्त्रिया असल्यास एक जागा जाते आणि दोनच उरतात. महासभेतही लागोपाठ केवळ पुरुषांची वा केवळ स्त्रियांची मंडळे पाठवणाऱ्या संसदेची मते घटतात. कार्यकारी समितीत संघाचे अध्यक्ष, मंडळाने निवडलेले पंधरा सदस्य आणि पदसिद्ध सदस्य असतात. निवडलेल्या जागा आफ्रिकी, अरब, आशिया-पॅसिफिक, युरेशिया, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन आणि 'ट्वेल्व्ह प्लस' (मुख्यतः पश्चिमी देश) या सहा भू-राजकीय गटांत वाटल्या जातात. विषयवार स्थायी समित्या चार आहेत. १९७६ मध्ये स्थापन झालेली संसदसदस्यांच्या मानवी हक्कांची समिती तुरुंगात टाकलेल्या, बडतर्फ केलेल्या वा बेपत्ता झालेल्या खासदारांची प्रकरणे बंद दाराआड तपासते. तिचे निष्कर्ष नियामक मंडळापुढे मात्र नावानिशी जाहीर होतात. खर्च सदस्य-संसदांच्या वर्गणीतून चालतो. अमेरिकेची काँग्रेस १९९० च्या दशकाअखेरीस बाहेर पडली.

नेतृत्व. मराठीत 'अध्यक्ष' हा शब्द सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्यालाही लागतो, त्यामुळे येथे गफलत होते. संघाचे अध्यक्षपद निराळे. नियामक मंडळ गुप्त मतदानाने तीन वर्षांसाठी अध्यक्ष निवडते, मावळत्या अध्यक्षाला लगेच पुन्हा उभे राहता येत नाही, आणि पुढचा अध्यक्ष दुसऱ्या संसदेचा असावा लागतो. अध्यक्ष हा विद्यमान संसदसदस्य असलाच पाहिजे. मायदेशी खासदारकी गेली की हे पदही जाते. प्रारंभीच्या परिषदांत यजमान देशाची व्यक्ती अध्यक्षस्थानी बसे. कायम अध्यक्षांची परंपरा बेल्जियमचे ओग्युस्त बेर्नार्त यांच्यापासून धरली जाते. २०२३ मध्ये लुआंडा येथे टांझानियाच्या ट्युलिया ॲक्सन निवडून आल्या. या पदावरील त्या पहिल्या आफ्रिकी महिला.

दैनंदिन कारभार सरचिटणिसांकडे असतो. मंडळ त्यांना चार वर्षांसाठी निवडते, पण फेरनिवड होत राहते. शार्ल आल्बेर गोबा (१८९२) यांच्यापासून २०१४ मध्ये निवडून आलेले कॅमेरूनचे मार्टिन चुंगाँग यांच्यापर्यंत सव्वाशे वर्षांत अवघे आठ सरचिटणीस झाले, आणि चुंगाँग हे त्यांतले पहिले बिगर-युरोपीय. गोबा (१९०२) आणि त्यांच्यानंतरचे क्रिस्तियान लांगे (१९२१) या दोघांना नोबेल मिळाले. अध्यक्ष तीन वर्षांनी बदलतो, सरचिटणीस दीड-दोन दशके टिकतो. संघाची स्मरणशक्ती कार्यालयात राहते, ती या व्यवस्थेमुळे.

भारत. भारतीय संसदीय गट १९४९ मध्ये स्थापन झाला. लोकसभेचे अध्यक्ष त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. नवी दिल्लीत संघाच्या परिषदा १९६९ आणि १९९३ मध्ये भरल्या. दुसऱ्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. गुरुदयाल सिंग धिल्लाँ यांनी १९७३ ते १९७६ या काळात संघाचे अध्यक्षपद भूषविले.

राज्यांची विधिमंडळे. संघराज्यातील घटकराज्यांच्या विधिमंडळांना या संघाचे सदस्य होता येत नाही. नागपुरात याविषयी हमखास गोंधळ होतो, आणि त्याला कारण आहे. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून येथे राज्य विधिमंडळाचे अधिवेशन भरते. त्या काळात सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात विद्यापीठांच्या राज्यशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेतला जातो. डिसेंबरच्या थंडीत, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ही मुले सकाळी व्याख्याने ऐकतात आणि मग गॅलरीतून प्रत्यक्ष कामकाज पाहतात. हा वर्ग भरवते ती राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा. हे मंडळ वेगळे : १९११ मध्ये लंडनला साम्राज्यातील संसदांसाठी स्थापन झालेले, १९४८ पासून आजच्या नावाने चालणारे, आणि राज्य विधिमंडळांनाही शाखा म्हणून सामावून घेणारे.

आंतरसंसदीय संघाशी महाराष्ट्राच्या आमदारांचा संबंध येतो तो राज्यसभेच्या वाटेने. राज्यसभेच्या तेव्हाच्या उपसभापती नजमा हेपतुल्ला १९९९ मध्ये बर्लिन येथे संघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष निवडल्या गेल्या आणि २००२ पर्यंत त्या पदावर राहिल्या. हे पद ज्या खासदारकीवर उभे होते, ती त्यांना महाराष्ट्र विधानसभेच्या सदस्यांच्या मतांनी मिळालेली होती.