भिकाऱ्यांचे बंड

नेदरलँड्सने स्पेनशी दिलेला लढा प्रॉटेस्टंट विरुद्ध कॅथलिक असा सांगायची पद्धत आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे.

५ एप्रिल १५६६ रोजी ब्रसेल्समध्ये (आजचे बेल्जियम तेव्हा नेदरलँड्समध्येच होते) सुमारे २०० सरदार अर्ज घेऊन मार्गारेटपुढे आले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा तिचा सावत्र भाऊ, त्याच्या वतीने इथला कारभार तीच बघे. पाखंडी ठरवून माणसे जाळणे थांबवा, एवढेच मागणे होते. अर्जदारांत कॅथलिकही होते. त्यांना सलत होते ते वेगळेच: १७ प्रांतांच्या जुन्या सनदा होत्या, करांना मंजुरी प्रांतांच्या सभा देत, आणि १५५९ मध्ये स्पेनला गेलेला राजा तिथून हुकूम सोडत होता. मार्गारेट बावरली, तेव्हा ‘या भिकाऱ्यांना काय भ्यायचे’ असे एक दरबारी पुटपुटला म्हणतात. सरदारांनी ती शिवीच मिरवायला घेतली. कमरेला भिक्षेची वाटी आणि झोळी लटकली, गळ्यात तशी पदके आली.

त्याच उन्हाळ्यात, धान्य महागलेले असताना, कॅल्विनपंथी (प्रॉटेस्टंटांचा एक पंथ) प्रवचनांना वेशीबाहेरच्या शेतांत गर्दी लोटू लागली. या पंथाला चर्चमधल्या मूर्ती मान्य नव्हत्या. १० ऑगस्टला स्टेनवोर्डे या गावी त्या फुटल्या, दहा दिवसांत हे लोण अँटवर्पच्या कॅथेड्रलपर्यंत गेले.

फिलिपने १५६७ मध्ये आल्बाच्या ड्यूकला सुमारे १०,००० सैन्यानिशी पाठवले. त्याच्या न्यायसभेला लोक ‘रक्तसभा’ म्हणत. हजारावर माणसे तिने मारली. ५ जून १५६८ रोजी ब्रसेल्सच्या चौकात एग्मोंट आणि होर्न या बड्या सरदारांची डोकी उडवली. दोघेही कॅथलिक, आणि एग्मोंटने तर दहाच वर्षांपूर्वी ग्राव्हलिनची लढाई याच फिलिपसाठी जिंकली होती.

तरीही माझ्या मते सगळ्यांना एकत्र आणले ते आल्बाच्या नव्या कराने. प्रत्येक विक्रीवर दहावा हिस्सा! एकच हेरिंग मासा कोळ्याकडून व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानदाराकडे आणि मग गिऱ्हाइकाकडे जाणार, आणि दरवेळी कर. मासा विकणारा कुठल्या पंथाचा, याने काही फरक पडत नव्हता.

१ एप्रिल १५७२ रोजी ‘समुद्री भिकाऱ्यांनी’, म्हणजे जहाजांवरून लढणाऱ्या बंडखोरांनी, ब्रिल बंदर घेतले. डच भाषेत ‘ब्रिल’ म्हणजे चष्मा. आल्बाचा चष्मा हरवला, हा विनोद तिकडे अजून चालतो. पाठोपाठ हॉलंड-झीलंडमधली शहरे उठली. १५७९ मध्ये उत्तरेकडच्या प्रांतांचा एकजुटीचा उत्रेख्तचा करार झाला, १५८१ मध्ये फिलिपला राजा मानणेच त्यांनी सोडले. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नव्हे, असे त्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिले आहे. स्पेनने हे मान्य करायला १६४८ उजाडले.

दरम्यान १५८० मध्ये फिलिपने पोर्तुगालचे सिंहासनही मिळवले आणि गोवा डचांच्या शत्रूचा झाला. १६०२ मध्ये निघालेली डच ईस्ट इंडिया कंपनी पोर्तुगीजांवर तुटून पडली, पुढे तिची गलबते वर्षामागून वर्षे मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसत. वेंगुर्ल्याची डच वखार या झगड्यातलीच. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत.