समूहगान, मराठी ख्रिस्ती उपासनेतील

ख्रिस्ती मंडळीने उपासनेत एकत्र म्हणावयाची भक्तिगीते व ती म्हणण्याची रीत. या रीतीला नव्या करारात आधार आहे. शेवटच्या भोजनानंतर येशू व शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले (मत्तय २६:३०). फिलिप्पैच्या तुरुंगात पौल व सीला हे ख्रिस्ती प्रचारक मध्यरात्री गात होते आणि इतर बंदिवान ते ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५). कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१६) गाण्याकडे एकमेकांना शिकवण्याचे व बोध करण्याचे साधन म्हणूनही पाहिले आहे. गीत देवाला उद्देशून असले, तरी ते शेजारी बसलेल्यासाठीही असते. मराठी प्रदेशात हा दुहेरी हेतू साधायचा, तर गीत मंडळीला परिचित अशा छंदात व चालीत असणे आवश्यक ठरले. येथील समूहगानाचा इतिहास बव्हंशी या चालींच्या शोधाचा इतिहास आहे.

या परंपरेतील पहिला मोठा ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांचे ‘ख्रिस्तपुराण’ होय. हे इंग्रज जेज्वित (येशूसंघीय कॅथलिक धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यास आले. ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. दोन पुराणांचे मिळून ९५ अवस्वरु (अध्याय) व सुमारे अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. रचनेचा हेतू ग्रंथातच आला आहे. गोव्याच्या साष्टी भागातला एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी तसेच दुसरे काही आम्हाला का देत नाही? हा प्रश्न प्रत्यक्ष घडलेला की रचनेची सोय म्हणून योजलेला, हे ठरवणे कठीण आहे. मात्र त्यातून व्यक्त होणारी उणीव काल्पनिक मानण्याचे कारण नाही. पुराणश्रवण बंद पडले, म्हणजे गावाने एकत्र बसण्याचे एक निमित्तच गेले.

ग्रंथाच्या भाषेविषयी व छंदाविषयी बरीच चर्चा झाली आहे. भाषा मराठी असून तीत कोकणी शब्दांची मिसळ आहे, हे मत आता सामान्यतः मान्य आहे. छंद ग्रंथिक ओवीचा आहे, म्हणजे पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड व मोकळा. ‘वो नमो विश्वभरिता’ हा आरंभ ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणाची आठवण करून देतो. त्यावरून स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वरी अभ्यासली असावी असे काहीजण म्हणतात, तर काहींना एकनाथांचे वळण अधिक दिसते. विशिष्ट ग्रंथाचे ऋण सिद्ध करण्यापेक्षा, त्या काळी सर्वत्र कानी पडणाऱ्या पुराणकथनाच्या घाटणीचा हा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ख्रिस्तपुराण रविवारी व सणांना मिस्सेनंतर (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीनंतर) देवळात वाचले जाई. हे ‘वाचणे’ बहुधा चालीवरचेच असावे, कारण ओवी सपाट वाचण्याचा प्रघात मराठीत नाही. सगळी मंडळी ओवी म्हणे, की एकजण म्हणे व इतर ऐकत, याविषयी मतभेद संभवतो. पुराणकथनाची रीत पाहता दुसरी शक्यता अधिक आहे, आणि तसे असेल तर याला काटेकोर अर्थाने समूहगान म्हणता येत नाही. पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले व या परंपरेला उतरती कळा लागली. मंगळूरकडच्या कॅथलिक घरांत मात्र ती टिकली. ग्रंथाची १९०७ ची आवृत्तीही मंगळूरचीच आहे.

प्रॉटेस्टंट मिशनांनी एकोणिसाव्या शतकात वेगळ्या टोकापासून सुरुवात केली. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. आरंभीची बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती व मूळ चालीवरच म्हटली जात. इंग्रजी चाल आघातावर चालते, तर मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या मोजणीवर. त्यामुळे जोर भलत्याच अक्षरावर पडे, ऱ्हस्व ताणले जाई आणि दीर्घ गिळले जाई. खेड्यातील निरक्षर मंडळींना असे गीत पाठ होणे अवघड असे. यावर मराठी ख्रिस्ती कवी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या पदांनी व ख्रिस्ती कीर्तनाने तोड काढली. १८६० नंतरच्या दशकात नगर भागात पायाभरणी झालेल्या या कीर्तनात बायबलमधील आख्यान पदे, साक्या, दिंड्या या गेय पद्यप्रकारांतून रंगवले जाई आणि ध्रुपद श्रोते उचलून धरीत. कीर्तनाची मूळ कल्पना मिशनऱ्यांची की देशी ख्रिस्तींची, हा प्रश्न उपस्थित केला जातो. कीर्तनाचे तंत्र ऐकून-ऐकून अंगात मुरते, हे लक्षात घेता दुसऱ्या पक्षाकडे झुकते माप द्यावे लागेल.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांमुळे समूहगानाचा प्रश्न छंदापुरता तरी सुटला. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा थोरला अभंग मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. टाळ-मृदंगावर एकाने चरण म्हणावा व इतरांनी ध्रुपद घ्यावे, एवढे पुरते. पुस्तक नसले तरी अडत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांना मोठे स्थान आहे. त्यात भाषांतरित गीतेही आहेत. परिणामी एकाच उपासनेत पाश्चात्त्य चालीचे गीत व अभंग लागोपाठ म्हटले जातात, आणि दोहोंना साथ बहुधा पेटीचीच असते.

कॅथलिक उपासनेत लॅटिनची जागा मराठीने घेतली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज संमत केल्यानंतर (४ डिसेंबर १९६३). वसई परिसरात त्यानंतर मराठी मिस्सागीते रूढ झाली. अलीकडे कीबोर्ड व गिटार यांचा वापर दोन्ही पंथांत आढळतो.