बालरेडिओलॉजी विभागप्रमुख

मुलांचे एक्स-रे, सोनोग्राफी, सिटी स्कॅन, एमआरआय आणि या यंत्रांच्या नजरेखाली होणारे छोटे उपचार सांभाळणाऱ्या विभागाचे प्रमुखपद. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या बालरुग्णालयात हे पद साधारणतः प्राध्यापक दर्जाच्या रेडिओलॉजिस्टकडे असते. कागदावर रुग्णसेवा, अध्यापन, संशोधन आणि शेवटी प्रशासन असा कामाचा क्रम लिहिलेला असतो. प्रत्यक्षात बरेच दिवस बंद पडलेल्या एसीपासून सुरू होतात. कोकणात एक्स-रेला अजूनही ‘फोटो’ म्हणतात. विभागाकडे आलेल्या चिठ्ठ्यांपैकी कोणता फोटो काढायचाच नाही आणि जो काढायचा तो किती कमी किरणांत निघेल, हे ठरवणे हा या पदाचा गाभा मानावा लागेल.

कोकणातील स्थिती : किनारपट्टीच्या माणसाला मुलांच्या मोठ्या दवाखान्याचा बराच काळ एकच पत्ता ठाऊक होता, परळ. गिरणगावातल्या चाकरमान्यांच्या वस्तीत नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये उभे राहिले. शेजारी केईएम आणि टाटा मेमोरियल. आजारी मूल मुंबईला न्यायचे म्हणजे काका-मामाच्या खोलीवर उतरून परळला न्यायचे, अशी रीतच पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि हा प्रवास रात्रभराचा झाला, तरी आतड्याला पीळ पडलेल्या बाळाला रात्रभरही परवडत नाही. दक्षिणेकडे सावंतवाडी-दोडामार्गची माणसे जवळ म्हणून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातात. मधल्या पट्ट्यात चिपळूणजवळच्या डेरवणचे वालावलकर रुग्णालय आणि त्याचे महाविद्यालय आहे. अलीकडच्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांचे काम सहसा सर्वसाधारण रेडिओलॉजीतच होते. त्यामुळे मोठ्या बालरुग्णालयातल्या प्रमुखाचा विभाग रुग्णालयाच्या भिंतीपाशी संपत नाही. तालुक्याच्या गावी निघालेली फिल्म अखेर त्याच्याच टेबलावर येते.

पूर्वपीठिका : राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. मुलांचे फोटो त्यानंतर लवकरच निघू लागले, पण ते वाचणारे डोळे मोठ्यांचे फोटो वाचून तयार झालेले होते. त्याची किंमत थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या प्रकरणात दिसते. तान्ह्या बाळाच्या छातीच्या फोटोत हृदयावर थायमस ग्रंथीची रुंद सावली पडते. कधी ती होडीच्या शिडासारखी एका बाजूला तिरकी सुटलेली दिसते. ही निरोगी बाळाची खूण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र ‘वाढलेली थायमस’ हा आजार मानून, ती लहान करण्यासाठी अनेक बाळांच्या गळ्या-छातीवर किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे १९५० च्या सुमारास लक्षात येऊ लागले. नसलेल्या आजारावर खराखुरा कर्करोग दिला गेला. बालरेडिओलॉजी वेगळी का शिकवायची, याचे उत्तर एवढ्या एका गोष्टीत मिळते.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधले जॉन कॅफी हे मुळात बालरोगतज्ज्ञ. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेले आणि त्याच वेळी हातापायांची लांब हाडे मोडलेली अशी सहा बाळे त्यांनी १९४६ मध्ये नोंदवली. घरातल्याच कोणी तरी केलेली मारहाण फोटोत वाचता येते, हे त्यातून पुढे आले. आजही संशयित मारहाणीत सगळ्या हाडांचे फोटो काढण्याचा निर्णय, त्यांचा रिपोर्ट आणि लागलीच तर कोर्टातली साक्ष हे काम बहुधा प्रमुखावरच येते. अमेरिकेत या विषयाची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली.

किरणांचा हिशेब : जगात प्रत्येकाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजण्याचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका फोटोचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन दिवसांचा निसर्ग. पोटाचा सिटी स्कॅन त्याच्या शेकडो पट असतो. मूल लहान, पेशी वेगाने वाढणाऱ्या आणि पुढचे आयुष्य लांब, म्हणून तोच डोस मुलाला अधिक महाग पडतो. नऊ युरोपीय देशांतल्या सुमारे साडेनऊ लाख तरुण रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक सिटी स्कॅन झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एका-दोघांना त्यापायी रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, असे त्याचे अनुमान आहे. धोका छोटा आहे. गरजेचा स्कॅन अडवण्याइतका मोठा नाही आणि उगाच केलेला माफ करण्याइतका लहानही नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इमेज जेंटली’ मोहिमेने हीच गोष्ट तंत्रज्ञांपर्यंत नेली: स्कॅनची सेटिंग मुलाच्या वजनाप्रमाणे बदला.

डोक्याला मार लागलेल्या मुलाचा स्कॅन हा सर्वांत वादाचा विषय. मोटारसायकलवर पुढे बसलेले मूल महामार्गावर पडते, बाप घाबरून म्हणतो, ‘डॉक्टर, पैसे लागले तरी चालतील, पण स्कॅन कराच.’ सुमारे ४२ हजार मुलांच्या अमेरिकी अभ्यासातून २००९ मध्ये आलेले निकष सांगतात की मूल शुद्धीवर आहे, नीट वागते आहे, कवटी मोडल्याची खूण नाही, शुद्ध हरपली नव्हती, उलट्या वा जोराची डोकेदुखी नाही आणि आघातही मोठा नव्हता, तर स्कॅन न करता लक्ष ठेवता येते. बापाला हे पटवायला बराच वेळ लागतो आणि स्कॅन काही सेकंदांत उरकतो. म्हणून स्कॅन होतात. प्रमुखाने निवासी डॉक्टरांना तो बराच वेळ मिळवून द्यायचा असतो.

सवयी मोडणे हेही या पदाचेच काम. जननेंद्रियांवर किरण पडू नयेत म्हणून मुलांच्या कंबरेखालच्या भागावर शिशाचा तुकडा ठेवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. आजच्या यंत्रांत त्याचा उपयोग नगण्य. उलट तो भलत्या जागी सरकला तर फोटो पुन्हा काढावा लागतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही पद्धत सोडायला सांगितले. वीस वर्षे तो तुकडा ठेवत आलेल्या तंत्रज्ञाला हे सांगणे सोपे नाही, आणि ‘माझ्या पोरीला ते झाकण का नाही?’ असे विचारणाऱ्या आईला तर त्याहून नाही.

एक्स-रेची खोली : विभाग कसा चालतो ते पाहायचे तर सहा महिन्यांच्या बाळाचा छातीचा फोटो निघताना पाहावा. बाळाला ‘श्वास धर’ सांगता येत नाही. ते रडत असते. अनुभवी तंत्रज्ञ रडण्याचा सूर ऐकतो. लांब हंबरड्यानंतर बाळ हुंदका देऊन हवा आत ओढते, त्या क्षणी बटण दाबतो. चुकला तर फुप्फुसे अर्धवट फुगलेली येतात आणि नसलेला न्यूमोनिया दिसू लागतो. बाळाला धरायला बऱ्याचदा आजी असते, कारण बाप मुंबईला नोकरीवर आणि आई बाळंतीण किंवा पुन्हा गरोदर. गरोदर बाईने धरायचे नाही, कर्मचाऱ्यानेही रोज रोज धरायचे नाही. शिशाचा एप्रन आजीला चढवतात आणि मग करगोट्याचा प्रश्न येतो. चांदीचा करगोटा, गळ्यातला ताईत, दंडाचा काळा दोरा, मनगट्या, सगळ्यांची सावली फिल्मवर पडते. आजी ताईत काढू देत नाही. जाणता तंत्रज्ञ हट्ट धरत नाही. ‘आजी, जरा मानेमागे सरकवूया’ म्हणतो. थोड्या मोठ्या मुलाला ‘खंय दुखता तुका?’ असे मालवणीत विचारले की निम्मे रडणे थांबते. टाकाव्या लागलेल्या फिल्म कारणासह दर महिन्याला मोजणे ही प्रमुखाची जबाबदारी. त्या यादीत ‘ताईत’ असे कारण दिसले तर नवा माणूस भरती झाला आहे असे समजावे.

एमआरआयला लहान बाळांच्या बाबतीत भूल टाळण्याची युक्ती कोकणातल्या प्रत्येक बाळंतिणीला ठाऊक आहे: पोटभर पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे आणि झोपू द्यायचे. अंगावरचे चांदीचे सगळे काही मात्र आधी उतरवायचे. मोठ्या मुलांना भूलतज्ज्ञ लागतो आणि उपाशी ठेवण्याचे तास पाळावे लागतात. आईचे दूध चार तास, इतर दूध आणि अन्न सहा तास. पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलाने वाटेत बटाटावडा खाल्लेला असतो. अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर हे मराठीत, ठळक अक्षरांत छापून घेणे ही छोटी वाटणारी, पण महिन्याचे वेळापत्रक वाचवणारी सुधारणा आहे.

स्थानिक आजार आणि अपघात : आंबे-काजूच्या दिवसांत झाडावरून पडलेल्या मुलांची कोपरे येतात, त्यांत सुट्टीला गावी आलेली, झाडाची सवय नसलेली मुंबईची मुले असतात. मुलाच्या कोपरात कूर्चेचे हाड होण्याची सहा केंद्रे ठरावीक क्रमाने, ढोबळमानाने एक, तीन, पाच, सात, नऊ आणि अकराव्या वर्षी दिसू लागतात. तिसरे मीडियल एपिकॉन्डाइल, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा, चौथे ट्रॉक्लिया, म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा कप्पीसारखा भाग. फोटोत चौथे ‘दिसते’ पण तिसरे जागेवर नाही, तर ते चौथे नसतेच. तुटलेला एपिकॉन्डाइल सांध्यात जाऊन अडकलेला असतो. क्रम पाठ नसलेला वाचक हा फोटो नॉर्मल म्हणून पाठवतो आणि मुलाचा हात कायमचा आखडतो. निवासी डॉक्टरांच्या पहिल्या महिन्यातच हा फोटो दाखवावा.

अडकलेल्या वस्तूंचेही असेच. माशाचा काटा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. शेंगदाणा, काजूचा तुकडा किंवा चिंचोका श्वासनळीत गेला तर तोही दिसत नाही. दिसते ती फक्त एका फुप्फुसात कोंडलेली हवा, आणि कधी तीही नाही. फोटो नॉर्मल आला म्हणून ठसक्याची हकिगत खोटी ठरत नाही. नाणे आणि बटण-सेल यांतला फरक मात्र फोटो सांगतो. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत भाजू लागतो, म्हणून तो फोटो दिसताच रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता फोन करायचा असतो. विंचवाच्या दंशानंतर घाम फुटलेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलाच्या छातीच्या फोटोत फुप्फुसांत पाणी साचलेले दिसू शकते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध देण्याचे काम ज्यांनी जगापुढे मांडले, ते पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच.

आतड्यात आतडे शिरण्याच्या आजारावरचा उपचार ही या विभागाची सर्वांत देखणी कामगिरी ठरते. वर्षाच्या आतले बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मध्ये शांत होते, पुढे शी लालसर, जेलीसारखी होते. सोनोग्राफीत शिरलेला भाग कांद्याच्या चकतीसारखा, वलयांत वलये असा दिसतो. मग गुदद्वारातून नळी घालून, साधारण मीटरभर उंच टांगलेल्या बाटलीतले कोमट सलाइन सोडतात आणि ती चकती मागे मागे सरकताना पडद्यावर पाहतात. शेवटी ती दिसेनाशी होते आणि पाणी लहान आतड्यात शिरते; त्याच वेळी खोलीतले रडणे थांबते. किरण शून्य, टाके शून्य. हे रात्री दोन वाजताही जमायला हवे. त्यासाठी बालशल्यचिकित्सक हाकेवर हवा, कारण आतडे फाटण्याची जोखीम असते, आणि रात्रपाळीच्या निवासी डॉक्टराने हे दिवसा वरिष्ठांसोबत केलेले हवे. प्रमुखाचे कौशल्य इथे बाटली धरण्यात नसून ड्यूटीच्या तक्त्यात दिसते.

कायदा, यंत्रे आणि रजा : किरण वापरणाऱ्या प्रत्येक यंत्रासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी, किरणसुरक्षा अधिकारी आणि कर्मचाऱ्यांना बसलेला डोस मोजणारे टीएलडी बिल्ले लागतात. कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सोनोग्राफीत किरण नाहीत, पण १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे. यंत्र फक्त तान्ह्या बाळांच्या मेंदूसाठी वापरायचे असले, तरी नोंदणी लागते. यंत्र बदलायचे किंवा जागा हलवायची तर आधी कळवावे लागते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेण्यासाठी घेतलेले हलते यंत्र कागद पुरे नाहीत म्हणून सीलबंद होऊ शकते, हे नव्या प्रमुखाला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगावे.

किनाऱ्यावरची हवा यंत्रांची शत्रू आहे. पावसाळ्यातला दमट खारा वारा, बुरशी, पुन्हा पुन्हा जाणारी लाईट. म्हणून देखभालीचा करार करताना अभियंता किती तासांत पोचणार, हे किमतीआधी वाचायचे असते. शिशाचे एप्रन घडी न घालता टांगून ठेवायचे आणि वर्षातून एकदा भेगांसाठी तपासायचे. या सगळ्याहून कठीण म्हणजे गणपतीतला तक्ता. अर्धा विभाग कोकणातला असतो, सगळ्यांना चतुर्थीला घरी जायचे असते, आणि ज्याने गेल्या वर्षी ड्यूटी केली त्याला ते पक्के आठवत असते. वर्षभराची शिस्त या पाच दिवसांत मोडते किंवा टिकते.

अध्यापन आणि चुकांची सभा : एमडी रेडिओलॉजीच्या तीन वर्षांत मुलांच्या वाट्याला थोडे आठवडे येतात. म्हणून रोज सकाळी फिल्म लावून प्रश्न विचारण्याचा तास हेच मुख्य शिक्षण. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा चुकलेल्या रिपोर्टांची सभा असते. नाव झाकून फोटो दाखवायचा, कोणी चुकले हे विचारायचे नाही, कसे चुकले ते पाहायचे. पहिला फोटो प्रमुखाने स्वतःचा लावला तरच बाकीचे आपले लावतात.

रुग्णालयाबाहेर : तालुक्याहून आलेल्या मुलाच्या पिशवीत बहुधा एक न उघडणारी सीडी, एक घडी पडलेली फिल्म आणि मोबाइलवरून काढलेला फिल्मचा फोटो असतो. फोटोत खिडकीचे प्रतिबिंब पडलेले असते. यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून स्कॅन पुन्हा होतो आणि मुलाला दुसरा डोस बसतो. उपाय साधे आहेत: वजनाप्रमाणे सेटिंगचा मराठी तक्ता जिल्ह्याच्या सिटी मशीनशेजारी चिकटवणे, मूळ फाइल पाठवण्याची सोय करून देणे, रात्री उचलला जाईल असा एकच फोन नंबर देणे, आणि स्कॅन करण्याआधी विचारणाऱ्या डॉक्टरला कधीही खेकसून उत्तर न देणे. एकदा खेकसलेल्या प्रमुखाला त्या तालुक्यातून पुन्हा फोन येत नाही. थेट मूल येते, सीडीसकट.