ड्युको रंग (जुन्या गाड्यांवरचा लॅकर)

ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला, थिनर उडून गेला की आपोआप सुकणारा गाडीचा रंग. पेंटच्या दुकानात ह्याला एनसी पेंट म्हणतात, ब्रिटनमधे नुसतं सेल्युलोज, अमेरिकेत लॅकर, आणि आपल्याकडे गॅरेजवाले काय नि फर्निचर पॉलिशवाले काय, सरसकट ड्युकोच म्हणतात, मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. मुळात ड्युको हे अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचं ब्रँडनेम, पण डालडाचं जे झालं तेच ह्याचंही झालं. 1920 च्या दशकाच्या मध्यापासून पुढची कित्येक वर्षं असंख्य गाड्या ह्याच रंगात कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यामुळे त्या काळातली गाडी रिस्टोर करायला घेतली की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न समोर येतो, मूळचा लॅकर शोधून मारायचा की आजचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) मारून मोकळं व्हायचं.

लॅकर हा शब्द आपल्याच लाखेवरून गेलाय, संस्कृतमधली लाक्षा अरबी-पोर्तुगीज अशी फिरत युरोपात पोचली. गाडीच्या लॅकरमधे मात्र लाख औषधालाही नसते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचं लाखकाम वेगळं, जपान-चीनमधला झाडाच्या चिकाचा लॅकर वेगळा आणि हा वेगळा.

हा निघतो कापसातून. सरकीला चिकटलेले आखूड तंतू नायट्रिक आणि सल्फ्युरिक ऍसिडमधे घातले की नायट्रोसेल्युलोज होतं. नायट्रोजनचं प्रमाण जास्त ठेवलं तर ते बंदुकीच्या दारूत जातं, कमी ठेवलं तर थिनरमधे विरघळतं आणि सुकल्यावर पातळ, कडक, चकचकीत पापुद्रा देतं. नेलपॉलिश हे ह्याच घराण्यातलं. रिमूव्हरचा बोळा फिरवला की महिनाभर जुनं नेलपॉलिशसुद्धा परत पातळ होऊन निघून येतं ना, अगदी तसंच ड्युकोचं आहे.

आणि ह्या रंगाचा सगळा स्वभाव ह्या एका गोष्टीत आहे. सिंथेटिक इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन पिकतो, टू-के रंगात हार्डनर घातला की रासायनिक क्रिया होऊन तो कायमचा बांधला जातो, पण ड्युको फक्त सुकतो, त्याच्यात काहीही बदलत नाही, पन्नास वर्षांनी थिनर लावला तरी तो विरघळायला तयार असतो. त्यामुळे नवा कोट जुन्या कोटात थोडा विरघळून त्याच्यातच मिसळतो, दोन कोटांमधे सांधा राहत नाही, दरवाज्याच्या कोपऱ्यावर ओरखडा पडला तर तेवढाच कोपरा करून कडा विरवून टाकता येते आणि हात चांगला असला तर कुठे काम झालंय ते शोधूनही सापडत नाही. ह्याच कारणाने तो थिनर, ब्रेक ऑइल असल्या गोष्टींना लगेच बळी पडतो. गुण आणि दोष दोन्ही एकाच ठिकाणाहून आलेत, म्हणून एक घ्यायचा तर दुसरा घ्यावाच लागतो.

आला कुठून

1923 च्या आधी गाडी रंगवणं म्हणजे घोडागाडी रंगवण्याचाच प्रकार होता. तेलाचा रंग आणि व्हार्निश ब्रशने लावायचं, सुकायला ठेवायचं, घासायचं, परत लावायचं, एकेका गाडीला काही आठवडे जायचे आणि तेवढा वेळ ती गाडी कारखान्यात जागा अडवून उभी. फोर्डने मॉडेल टी साठी काळा भट्टीत भाजायचा रंग धरला कारण तो लवकर सुकायचा, म्हणून 1914 ते 1925 मधे ती गाडी फक्त काळ्या रंगातच मिळत होती. नायट्रोसेल्युलोज लोकांना आधीपासून माहीत होतं, पण त्याचं द्रावण इतकं दाट व्हायचं की स्प्रे गनमधून उडवण्याइतकं पातळ करेपर्यंत त्यात रंगद्रव्य जवळजवळ उरायचंच नाही, वीस-वीस कोट मारले तरी अंग भरायचं नाही. 1920 च्या सुमाराला ड्युपाँटच्या न्यू जर्सीतल्या पार्लिनच्या कारखान्यात, जिथे फोटोची फिल्म बनायची, तिथल्या केमिस्ट लोकांना दाटपणा कमी असलेलं नायट्रोसेल्युलोज मिळालं आणि गाडं सुटलं, कारण आता त्याच पातळ द्रावणात भरपूर रंग मावत होता.

ड्युपाँटचा त्यावेळी जनरल मोटर्समधे मोठा हिस्सा होता, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक घरचंच. त्यांची 1924 च्या मॉडेलची ओकलंड गाडी निळ्या ड्युकोत आली, त्या शेडचं नाव ट्रू ब्लू. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि मुख्य म्हणजे रंगांची दारं उघडली, हिरवा, मरून, क्रीम, दोन रंगी, काय हवं ते. पुढे 1950 च्या दशकाच्या शेवटाला जनरल मोटर्स ऍक्रिलिक लॅकरवर गेली. तोही थिनर उडूनच सुकतो पण उन्हात जास्त टिकतो. त्यांची पद्धत बघण्यासारखी होती, आधी भाजायचं, मग घासायचं आणि परत भाजायचं, दुसऱ्या वेळी रंग गरमीने वितळून स्वतःच सपाट व्हायचा आणि घासायच्या पेपरच्या रेघा मिटायच्या.

मूळ रंग आहे का ते बघणं

मला विचाराल तर रंग विकत घ्यायला जायच्या आधी हे करायला हवं आणि इथेच लोक घाई करतात. एका पांढऱ्या सुती फडक्यावर थोडा एनसी थिनर घ्यायचा आणि डिकीच्या आत किंवा दाराच्या बिजागरीजवळ, जिथे नजर जात नाही तिथे घासायचं. रंग फडक्यावर स्वच्छ उतरला तर लॅकर आहे. सुरकुत्या पडून फुगला तर हवेवर सुकलेला सिंथेटिक. काहीच झालं नाही तर टू-के किंवा भट्टीतला रंग. वर टू-के मारलेला असला तरी खाली ड्युको असू शकतो, म्हणून वाटाण्याएवढ्या जागेत 600 नंबरच्या वॉटर पेपरने गोल घासत खाली जायचं, झाडाच्या वलयांसारखे थर दिसतात, आतून बाहेर गाडीचा सगळा इतिहास.

मूळ रंगाचा निम्म्याहून जास्त भाग शाबूत असेल तर कृपा करून तो खरवडू नका. फिका पडलेला, कडांना झिजून प्राइमर दिसणारा कारखान्याचा रंग एकदा गेला की जगातला कुठलाही पेंटर तो परत आणू शकत नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना फिवा, तिचा ट्यूरिन चार्टरही हेच सांगतो की मूळ सामग्री आधी वाचवा, बदलायचीच वेळ आली तर त्या काळच्या पद्धतीला धरून बदला. बऱ्याचदा वरचा फक्त पांढुरका मेलेला थर असतो, हलक्या रबिंगने तो काढला की खाली रंग जिवंत असतो.

शेड आणि माल मिळवणं

शेडचं नाव किंवा नंबर बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखालच्या पत्रीवर असतो, पण ती पत्री हरवलेली, रंगाखाली गेलेली, नाहीतर दुसऱ्याच गाडीची असू शकते. खरा पुरावा म्हणजे जिथे ऊन पोचलेलं नाही तो पत्रा. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या पॅडखाली, टेललॅम्पच्या रबराखाली, पायरीवरच्या ऍल्युमिनियमच्या पट्टीखाली. तो भाग ओल्या फडक्याने पुसायचा, हलकं पॉलिश करायचं आणि तो खरा रंग धरायचा, बॉनेटवरचा नाही.

भारतात एनसी अजून सहज मिळतो कारण लाकूडकामात आणि बारीकसारीक रिपेअरीत तो चालतो, काळा-पांढरा तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळेल. अडचण आहे ती तयार ऑटो शेडची. मिक्सिंगच्या दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन टू-के किंवा बेसकोटचा फॉर्म्युला देतं, ड्युकोची शेड अजूनही डोळ्याने मारावी लागते आणि ते येणारे हात कमी होत चाललेत. असा माणूस शेड कशी जमवतो ते एकदा तरी उभं राहून बघावं. डब्यातल्या रंगावर तो विश्वासच ठेवत नाही, कारण ओला ड्युको आणि सुकलेला ड्युको ह्यांच्यात फरक पडतो. तो काडीने थेंब पत्र्याच्या तुकड्यावर ओढतो, फुंकर मारत नाही, सुकू देतो, त्याच्या बाजूला दुसरा थेंब, मग तुकडा घेऊन दुकानाबाहेर उन्हात येतो, गाडीच्या पत्र्याला लावतो, तिरका करतो, सावलीत नेतो, परत आत जाऊन चिमूटभर पिवळा घालतो. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात फुटते हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. जमली की सगळी गाडी होऊन अर्धा लिटर उरेल एवढी एकदमच बनवून घ्या आणि त्या पत्र्याच्या तुकड्यावर तारीख घालून तो जपून ठेवा.

थिनरमधे पैसे वाचवू नका. सुट्टा मिळणारा वॉशिंग थिनर गन धुवायला ठीक, रंगात घातला तर चमक जाते.

युरोपात हा रंग मिळवणं जास्त किचकट झालंय, कारण गनमधून जे उडतं त्यातला मोठा भाग थिनर असतो आणि तो सगळा हवेत जातो. युरोपियन युनियनच्या 2004 च्या निर्देशाने 2007 पासून गाडीच्या वरच्या रंगात लिटरमागे 420 ग्रॅमच्या वर असले उडणारे पदार्थ चालत नाहीत आणि सेल्युलोज त्यात बसूच शकत नाही. त्याच निर्देशात एक वाट ठेवलीय, ऐतिहासिक आणि सांस्कृतिक मोल असलेल्या जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी सदस्य देश मोजक्या प्रमाणात परवाना देऊ शकतात. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते, कारण मूठभर जुन्या गाड्यांनी हवेचं जे होतं ते नगण्य आणि बंदीने जे गेलं असतं ते परत आलं नसतं.

मारायची पद्धत

पत्र्यावर प्राइमर, त्यावर जिथे खड्डा तिथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी), पण एनसी लांबी पातळ-पातळ हातांनी, जाड भरली तर वरून सुकते आतून ओली राहते आणि सहा महिन्यांनी तडकते. मग सरफेसरचे (घासून सपाट करायच्या जाड प्राइमरचे) तीन-चार कोट, त्यावर काळ्या रंगाची नुसती धूळ उडवायची आणि लाकडी ठोकळ्यावर 400 चा वॉटर पेपर लावून पाणी सोडत घासायचं, काळं जिथे राहिलं तिथे खळगा आहे हे लगेच कळतं. नंतर 600. ड्युको काहीही झाकत नाही, खालचा दोष दुप्पट करून दाखवतो, म्हणून जुने पेंटर डोळ्यापेक्षा तळव्यावर भरवसा ठेवतात, फडकं मधे धरून हात पत्र्यावरून सरकवतात आणि डोळे मिटून सांगतात इथे अजून आहे.

रंगात साधारण तेवढाच किंवा दीडपट थिनर, खाली कप असलेल्या जुन्या गनला 40 ते 50 पौंड हवा, आणि सहा ते आठ पातळ कोट, दोन कोटांमधे दहा-पंधरा मिनिटं. हात लावण्याइतका तो काही मिनिटांत सुकतो, म्हणून धूळ फारशी बसत नाही आणि रंग मारायचा बंद बूथ नसलेल्या गॅरेजमधेही चांगलं काम होतं. गनमधून आल्यावर तो मंद दिसतो, निराश व्हायचं नाही. खरी चमक हाताने काढायची असते. निदान दोन-चार आठवडे थांबायचं, कारण थिनर आतून निघत असतो आणि रंग आक्रसत असतो, घाई केली तर आज आरशासारखा दिसणारा बॉनेट दोन महिन्यांनी पेपरच्या रेघा दाखवतो. मग 1000, 1500 चा पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, मग रबिंग कंपाऊंड, मग मऊ कापडाने पॉलिश. बॉडीच्या कडांवर आणि रेषांवर आधी टेप लावून ठेवा, रबिंगमधे रंग पहिल्यांदा तिथेच उडतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम काढूच नये. थिनर इतका झपाट्याने उडतो की पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पांढरा होतो, ह्याला ब्लशिंग म्हणतात. उपाय आहे, कोरड्या उन्हाच्या दिवशी सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वरून हलका मारायचा, रंग परत ओला होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सिंथेटिकवर ड्युको. आमच्या घरच्या जुन्या फियाटच्या मागच्या मडगार्डला एका गॅरेजमधे हेच झालं, खाली कधीतरी ब्रशने मारलेला सिंथेटिक होता, कोणी थिनरचं फडकं फिरवून बघितलं नाही, दुसरा कोट पडला आणि पाच मिनिटांत सगळा रंग तळणीतल्या पापडासारखा उठला. तिथून एकच रस्ता, पत्र्यापर्यंत खरवडा आणि पहिल्यापासून सुरू करा. उलट, ड्युकोवर सिंथेटिक मारला तर सहसा चालतं.

टू-के की ड्युको

रोज वापरायची, उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर टू-के जास्त टिकतो हे मान्यच करायला हवं. ड्युकोला दर काही वर्षांनी पॉलिश लागतं, पांढरा पिवळट होतो, जाड थर झाला तर बारीक भेगा पडतात. पण टू-केची चमक जाड असते, काचेखाली रंग ठेवल्यासारखी, आणि 1950 च्या गाडीच्या गोलाईवर ती उपरी दिसते. ड्युकोची चमक पत्र्याला चिकटून असते, दारावर संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की कडा मऊ दिसतात. भारतात 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या खाजगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. रंग कुठला असावा असं त्यात लिहिलेलं नाही, पण मूळ रूप म्हणताना रंगाचा विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अंगाला अपायाच्या बाबतीत, टू-केच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. ड्युकोमधे ते नाही, पण टोल्युइनसारखी सॉल्व्हंट्स आहेत, कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क आणि खेळती हवा लागतेच. आणि आग. जमिनीवर पडलेली सुकलेल्या ड्युकोची भुकटी हे नायट्रोसेल्युलोजच आहे, ठिणगीने भडकते, ढिगात राहिली तर स्वतःहून तापू शकते. रोज काम संपलं की पाणी मारून ती ओली झाडायची, फडकी पाण्याच्या बादलीत टाकायची, आणि त्याच गॅरेजमधे वेल्डिंग चालू असेल तर त्या दिवशी गन हातात घ्यायचीच नाही.

रंगवून झालेल्या गाडीवर सुरुवातीचे दोन-तीन महिने मेण लावू नका, थिनरला निघायला वाट द्या. सिलिकॉनवालं पॉलिश तर कधीच नको, पुढे टचअप करताना त्या जागी रंग माशाच्या डोळ्यांसारखा गोल-गोल फाटतो. आणि ब्रेक ऑइल भरताना मडगार्डवर ओलं फडकं टाकून ठेवा, थेंब पडलाच तर पुसत बसू नका, घासलं की रंग त्याच्याबरोबर येतो, तांब्याभर पाणी ओता.