साडेबाराचे पावणेनऊ

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली किंवा उलव्यातले पत्ते नीट वाचले, तर पुष्कळ ठिकाणी भूखंड क्रमांकापुढे तीन अक्षरे दिसतात : जी.ई.एस. इमारतीच्या पाटीवर, वीजबिलावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ती असतात आणि तिथे राहणाऱ्या बहुतेकांना ती कशाची हे ठाऊक नसते. ती गावठाण विस्तार योजनेची इंग्रजी आद्याक्षरे. योजना पुढे साडेबारा टक्के योजनेत मिसळून गेली, अक्षरे मात्र पत्त्यांत राहिली. म्हणजे ती इमारत ज्या भूखंडावर उभी आहे, तो कुणा शेतकऱ्याला त्याच्या गेलेल्या शेताच्या बदल्यात मिळालेला आहे.

भाडेपट्ट्याच्या जमिनी मालकीच्या करणे, गावांतली ‘गरजेपोटी’ म्हणून परवानगीशिवाय बांधलेली घरे नियमित करणे आणि सिडकोच्या सोडतीतल्या घरांच्या किमती, हे वाद गेल्या दोन-तीन वर्षांत एकदमच तापले. बातम्यांत ते तीन वेगळे विषय म्हणून येतात. जमिनीच्या बाजूने पाहिले तर ते एकाच धाग्यातले आहेत.

खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना, ती मांडणारे नियोजक, सरकारी कार्यालये इकडे येणार होती ती न येणे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे महत्त्वाची आहे ती पैशाची व्यवस्था. मार्च १९७० मध्ये शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच्या हाती चार कोटी रुपयांहूनही कमी भांडवल होते. तेवढ्यात ३४४ चौरस किलोमीटरचे शहर उभे राहत नाही. म्हणून ठरले असे, की जमीन संपादित करायची, तिच्यावर रस्ते-पाणी आणायचे, विकसित भूखंड द्यायचे आणि त्या पैशातून पुढचा भाग विकसित करायचा. शहराचे भांडवल म्हणजे जमीनच. ती जितकी स्वस्त मिळेल आणि जितकी महाग जाईल, तितके शहर पुढे सरकणार. आजच्या किमतींचा वाद समजून घ्यायचा तर ही व्यवस्था विसरून चालत नाही.

भूसंपादनाच्या सुरुवातीच्या अधिसूचना १९७० च्या फेब्रुवारीतल्या. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली मिळून ९५ गावे पुढे प्रकल्पात आली. भातशेती, खाजणे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी ही आगरी-कोळी वस्ती. तेव्हाच्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीचा भाव धरायचा तो अधिसूचनेच्या तारखेचा. पण अनेक गावांचे निवाडे, म्हणजे मोबदला ठरवणारे आदेश, पंधरा-सोळा वर्षे रेंगाळले. १९८४ च्या कायदादुरुस्तीने निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली, तेव्हा १९८६ मध्ये ते घाईघाईने उरकण्यात आले. मधल्या काळात वाशीचा पूल झाला, बाजार समितीची मुंबईतली घाऊक बाजारपेठ इकडे यायला सुरुवात झाली, वाशीत इमारती उभ्या राहिल्या. शेजारच्या जमिनीला शहराचा भाव आला आणि ज्यांच्या जमिनीवर शहर आले त्यांच्या निवाड्यात मूळ भाव १९७० चाच धरला गेला. उशिरापोटी कायद्याने काही टक्के जोडले, तेवढेच.

घणसोलीतल्या एका घरात मी अशा निवाड्याची प्रत पाहिली आहे. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर विरलेली. सर्वे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, जमिनीचा प्रकार आणि शेवटच्या रकान्यात रक्कम. त्या रकमेखाली कुणीतरी पेन्सिलीने भागाकार केला होता, पाच वाटण्यांचा. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला आकडा मी इथे लिहीत नाही. तो त्यांचा आहे. घरातल्या आजी म्हणाल्या ते मात्र लिहिण्यासारखे आहे : “जमीन आमची नं आमीच भारोत्री.”

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ आणि न्हावा-शेवा परिसरात मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. हे आंदोलन नुसत्या जादा भावाचे नव्हते. पैसे संपतात, जमीन संपत नाही, म्हणून विकसित झालेल्या जमिनीत शेतकऱ्याचा वाटा हवा, ही त्यातली मागणी त्या काळात फार पुढची होती. देशात पुढे जिथे जिथे विकसित जमिनीचा हिस्सा देण्याची भाषा झाली, तिथे उरण-पनवेलच्या या लढ्याची आठवण निघायला हवी. ती फारशी निघत नाही, याचे वाईट वाटते.

या मागणीतून आली ती साडेबारा टक्के योजना. ६ मार्च १९९० चा शासन निर्णय आणि त्याची व्याप्ती वाढवणारा २८ ऑक्टोबर १९९४ चा शासन निर्णय, हे तिचे दोन आधार. या तारखा गावागावांत आजही तोंडपाठ आहेत. पण योजनेचे नाव आणि प्रत्यक्ष हाती आलेली जमीन यांत फरक आहे, आणि बाहेरचे लोक नेमके इथेच गोंधळतात.

संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के जमीन देय धरायची. त्यातून ३० टक्के, म्हणजे पावणेचार टक्के, सामाजिक सुविधांसाठी कापून घ्यायची. उरते पावणेनऊ. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के होतात ५०६ चौरस मीटर. कपातीनंतर हाती येतात ३५४. त्यावर दीड चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, धरले तर बांधकाम ५३१ चौरस मीटरचे. हे एका एकराचे. बहुतेक खातेदारांच्या जमिनी गुंठ्यांत होत्या आणि सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, बहिणी अशी नावांची रांग होती.

कपातीचे समर्थन असे, की शाळा, मैदान, दवाखाना यांना जागा लागते आणि ती सगळ्यांनीच सोडायची असते. तत्त्व म्हणून ते पटते. पण शहराच्या सुविधांची जागा आधीच्या साडेसत्त्याऐंशी टक्क्यांत धरलेली असताना परत दिलेल्या तुकड्यातूनही ती का घ्यायची, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्या कागदात सापडलेले नाही. शिवाय हा भूखंड फुकट नव्हता. भूसंपादनाच्या दराच्या दुप्पट अधिक विकासखर्चापोटी चौरस मीटरला पाच रुपये, असा त्याचा हिशेब होता. रक्कम मोठी नव्हती, पण आपलेच शेत तुकड्याने परत घेताना त्याची किंमत मोजावी लागली, ही गोष्ट लोकांच्या मनात राहिली.

भूखंड सोडतीने मिळत असल्याने तो आपल्याच गावात मिळेल याची खात्री नव्हती. बरेच जण एका नोडमधून, म्हणजे शहराच्या एका विभागातून, दुसऱ्या नोडमध्ये गेले. पात्रता ठरायची, वारस दाखला लागायचा, कोर्टात वाढीव मोबदल्याचा दावा असेल तर तो आडवा यायचा, गावठाणाबाहेर घर बांधले असेल तर ते क्षेत्र वजा व्हायचे. भूखंड देण्याचे इरादापत्र हातात पडेपर्यंत मूळ खातेदार गेलेला असायचा. दरम्यान ‘साडेबाराची फाइल’ नावाचा एक बाजार उभा राहिला. भूखंड पडण्याआधीच हक्क विकला जाई. शेतकरी, महामंडळ आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यात त्रिपक्षीय करार होई. कुणाला त्यातून दोन फ्लॅट आणि दुकान मिळाले, कुणाला आगाऊ रक्कम आणि लग्नाचा खर्च. गावातल्या पोरांनी जमिनी विकून उधळल्या, असे शहरातले लोक सहज बोलतात. ज्या घराला दहा-पंधरा वर्षे ना शेत ना भूखंड, त्याने आधी हाती येईल ते घेतले, यात उधळपट्टी कुठली?

आता भाडेपट्ट्याकडे. नवी मुंबईत भूखंड विकला जात नव्हता, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला जात होता. निविदेतून घेणारा बिल्डर असो, सहकारी सोसायटी असो किंवा साडेबाराचा शेतकरी असो, सगळे भाडेपट्टेदार. १९७५ च्या जमीन वाटपाच्या नियमावलीमागचा विचार वाईट नव्हता. जमीन सार्वजनिक मालकीची राहावी, वापर बदलताना शासनाचा हात राहावा, वाढत्या किमतीतला काही भाग शहराला मिळावा, असा तो होता. प्रत्यक्षात रहिवाशाच्या वाट्याला त्यातून आले ते हस्तांतरण शुल्क आणि ना हरकत प्रमाणपत्र. घर विकायचे तर शुल्क, वारसाच्या नावावर करायचे तर अर्ज. शेतकऱ्याच्या बाबतीत तर हे तत्त्व विचित्रच होते. ज्याची वंशपरंपरागत मालकी गेली, त्याला तिचा अकरावा-बारावा भाग परत मिळाला तोही ६० वर्षांच्या मुदतीने.

वाशीतले पहिले भाडेपट्टे १९७० च्या दशकातले. त्यांची मुदत २०३० च्या दशकात संपत येते. कर्ज देताना बँक शिल्लक वर्षे मोजते, पुनर्विकासाला येणारा विकासकही मोजतो. वाशीतल्या जुन्या इमारतींच्या छताचे प्लास्टर कोसळू लागले, पुनर्विकासाला वाढीव चटई क्षेत्र मिळाले, तशी ही मोजणी सोसायट्यांच्या सभांत पोहोचली. डिसेंबर २०१८ मध्ये एकरकमी शुल्क घेऊन मुदत ९९ वर्षे करण्याचा निर्णय झाला. तो ‘फ्री होल्ड’, म्हणजे पूर्ण मालकी, या नावाने गाजला, आणि आजचा बराच गोंधळ तिथला आहे. ९९ वर्षांचा भाडेपट्टा हा भाडेपट्टाच. परवानगीचा त्रास कमी झाला तरी मालकी बदलली नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर खरोखरच्या मालकी हक्काचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा ‘हे तर आधीच झाले होते ना?’ असा प्रश्न सोसायट्यांत विचारला गेला. चूक विचारणाऱ्यांची नव्हती.

‘गरजेपोटी’ या शब्दाचीही अशीच ओढाताण झाली. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली, म्हणून लोकांनी संपादित झालेल्या पण रिकाम्या पडलेल्या आपल्याच जागेत खोल्या वाढवल्या. मूळ शब्द यांच्यासाठी होता. नंतर त्याच शब्दाखाली भाड्याच्या चाळी आल्या, आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या चार-पाच मजली इमारतीही आल्या. त्यांत मुंबईतल्या नोकरदारांनी आयुष्यभराची बचत घातली. २०१५ मध्ये दिघ्यातल्या इमारतींवर न्यायालयाच्या आदेशाने हातोडा पडू लागला, तेव्हा रस्त्यावर आलेल्यांत अशीच कुटुंबे होती. जमीन तिथे औद्योगिक महामंडळाचीही होती, पण बातम्यांत सगळे एकाच नावाने मोजले गेले. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून अंतराची मर्यादा २०० वरून २५० मीटर केली. २०२४ मध्ये पुन्हा निर्णय निघाला. प्रत्येक वेळी गावांतून आक्षेप तोच : नियमित करून हाती काय देता, तर पुन्हा भाडेपट्टा. माझ्या मते स्वतःच्या कुटुंबाचे घर आणि विक्रीची इमारत यांना वेगळी नावे दिल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. एका शब्दात दोघांना कोंबल्याने पहिल्याचा हक्क दुसऱ्याच्या गुन्ह्याखाली दबतो.

सोडतीतल्या घरांचा वाद सगळ्यांत ताजा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने २६ हजार घरांची योजना जाहीर केली, त्यांतली बरीच घरे पंतप्रधान आवास योजनेतली. अर्ज आधी मागवले, किमती जानेवारी २०२५ मध्ये कळल्या. तळोज्यात अत्यल्प उत्पन्न गटाचे घर २५ लाखांच्या पुढे, खारघर बस डेपोत ४८ लाखांच्या वर, वाशीच्या ट्रक टर्मिनलवर अल्प उत्पन्न गटाचे घर ७४ लाखांच्या वर. अत्यल्प गटासाठी मुंबई महानगरातली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख अनुदान धरले तरी खारघरच्या घराचा हप्ता त्या पगारात कसा बसवायचा? बांधकामाचा खर्च आणि स्टेशनजवळची जागा ही महामंडळाची बाजू आहे, आणि बांधकाम महागले हे खरेच आहे. पण ज्या जमिनीचा भाव तिच्या मालकाला देताना १९७० चा धरला, तिच्यावरचे गरिबाचे घर आजच्या बाजाराच्या जवळपास विकले जाते तेव्हा सुरुवातीची ती व्यवस्था पुन्हा आठवते. जमीन हेच भांडवल, मग ते स्वस्त कोण देणार?

या सगळ्यावर आता विमानतळाची छाया आहे. ११६० हेक्टर जागा, स्थलांतरित झालेली दहा गावे, सपाट झालेला उलव्याचा डोंगर, वळवलेली नदी. जून २०२१ मध्ये नावासाठी मानवी साखळी आणि घेराव झाला, त्यात १९८४ च्या हुतात्म्यांची नातवंडे शोभतील अशा वयाची मुले होती. जुन्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला हवे, ही मागणी २०२२ मध्ये एकापाठोपाठ दोन सरकारांनी मान्य करून ठराव केले. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

विमानतळात गेलेल्या गावांना २०१३-१४ च्या पॅकेजमध्ये साडेबारा नव्हे, साडेबावीस टक्के मिळाले. १९८४ ते २०१४ या तीस वर्षांत दहा टक्क्यांची वाढ. भूखंड पडले ते पुष्पक नगर, वडघर, करंजाडे या बाजूला. तिथे आता सात-आठ मजली इमारती पूर्ण होत आल्या आहेत. त्यांचे दस्त पाहिले तर पहिल्या पानावर जमिनीच्या वर्णनाखाली तोच शब्द आहे, भाडेपट्टा.