गोष्ट ऐकली, शब्द किती उरले?

बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत रोज गोष्ट वाचून दाखवली की मुलांचा शब्दसाठा आपोआप वाढतो, असं आपण धरून चालतो. वाढतो, पण हळू. न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाले. नुसती गोष्ट ऐकलेल्या मुलांची नव्या शब्दांच्या चाचणीत सुमारे १५ टक्के प्रगती झाली. वाचता वाचता शिक्षकांनी अर्थही सांगितला, तिथे ती ४० टक्क्यांच्या आसपास गेली.

पण म्हणून प्रत्येक अवघड शब्दापाशी थांबायचं नाही. एका पुस्तकातून तीन ते पाच शब्द पुरे. ‘पाणी’ मुलांना येतंच, ‘बाष्पीभवन’ पुढे पाठात येईल. निवडायचे ते मधले: चाचपडणे, निमूट, आतुर, डळमळणे. पुस्तकांत ते पुन्हा पुन्हा भेटतात, घरच्या बोलण्यात क्वचितच.

पहिल्या दिवशी गोष्ट जवळपास सलग वाचावी. दुसऱ्या वाचनात शब्द आला की एकाच वाक्यात अर्थ सांगावा: ‘चाचपडणं म्हणजे दिसत नाही म्हणून हाताने शोधणं.’ चित्रावर बोट ठेवून लगेच पुढे जावं. जास्त रेंगाळलं की गोष्टीचा धागा सुटतो. ‘कोण सांगेल, चाचपडणं म्हणजे काय?’ हा प्रश्न मात्र टाळावा. चार मुलं चार अंदाज ठोकतात आणि त्यातला चुकीचाच एखादा डोक्यात घट्ट बसतो.

खरं काम वाचन संपल्यावर. मुलांना डोळे मिटून दप्तरातली पट्टी शोधू द्यावी आणि ‘मी चाचपडतोय’, ‘मी चाचपडतेय’ हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावं. मग विचारावं, ‘डोळे उघडे ठेवून, बघून पट्टी काढली, तर ते चाचपडणं का?’ शब्द कुठे लागू होत नाही हे कळलं नाही, तर मुलं कुठल्याही शोधण्याला चाचपडणं म्हणू लागतात. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांचा घरचा शब्दही विचारावा. अर्थ ओळखीचा असला तर फक्त नवं नाव शिकायचं उरतं.

तिसऱ्यांदा तेच पुस्तक वाचताना कंटाळा येतो तो शिक्षकांना. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या.

चाळीस मुलांच्या वर्गात मागच्यांना चित्रच दिसत नाही, मग बोट ठेवून उपयोग काय? शक्य असेल तर आठ-दहांचे गट करावेत. आठवड्याने पडताळा घेताना व्याख्या विचारू नये. दोन चित्रं दाखवून ‘यात कोण चाचपडतंय?’ एवढंच विचारावं. निम्म्यांचं चुकलं, तर तो शब्द पुढच्या आठवड्याच्या यादीत पुन्हा घ्यावा आणि एक नवा शब्द वगळावा.