रिंगवर पळणारी कडी आणि गिरणीचं दार

‘इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे कापले, म्हणून आपला कापडधंदा बुडाला’ हा संदेश दर 15 ऑगस्टला फिरतो. त्याला ठोस पुरावा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्याच एका माजी नोकराने, विल्यम बोल्ट्सने, 1772 साली लिहिलं ते वेगळं होतं: बंगालमधले रेशीम गुंडाळणारे कारागीर सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःचेच अंगठे कापून घेत. जुलूम होताच. पण हातकताई मोडली ती मुख्यतः तासांच्या हिशेबाने. 100 पौंड कापसाचं बारीक सूत हाताने काढायला अंदाजे 50,000 तास लागत. इंग्लंडच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनच्या ‘म्यूल’ या सूत कातायच्या यंत्रावर 1790 च्या दशकात ते काम सुमारे 300 तासांवर आलं.

औद्योगिक क्रांती म्हटलं की शाळेत वाफेचं इंजिन शिकवतात. मला त्याहून मोठी वाटते ती नखाएवढी एक पोलादी कडी.

सूत कातणं म्हणजे तीन कामं: पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, ओढून बारीक करायचा, त्याला पीळ द्यायचा आणि तयार सूत गुंडाळायचं. टकळीवर पीळ देताना गुंडाळता येत नाही. म्यूलचंही तसंच. त्याचा गाडा सूत ओढत, पिळत सुमारे दीड मीटर बाहेर येई, थांबे आणि परत जाताना सूत गुंडाळी. सुरुवातीच्या म्यूलवर परतीचा वेग आणि ताण कातणाऱ्याच्या हाताला कळावा लागे. म्हणूनच त्याला भाव होता.

1828 साली अमेरिकेत जॉन थॉर्पने रिंगची कल्पना मांडली आणि लवकरच तिच्यावर ट्रॅव्हलर आला. चाती म्हणजे गरगर फिरणारा दांडा; तिच्यावर सूत गुंडाळायची बॉबिन, बॉबिनभोवती स्थिर रिंग आणि रिंगच्या कडेवर सैल बसवलेली ही कडी, म्हणजे ट्रॅव्हलर. सूत रुळांतून येतं, ट्रॅव्हलरमधून वळतं आणि बॉबिनवर जातं. चाती फिरली की सूत ट्रॅव्हलरला ओढत नेतं, पण घर्षणामुळे तो किंचित मागे पडतो. सारी करामत या मागे पडण्यात आहे: त्यामुळे पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी होतं.

समजा, चाती मिनिटाला 10,000 फेरे घेते, रुळांतून 12 मीटर सूत येतं आणि बॉबिनचा व्यास 3 सेंटिमीटर आहे. परीघ साधारण 9.4 सेंटिमीटर, म्हणजे ते सूत गुंडाळायला 127 वेढे हवेत. ट्रॅव्हलर बरोबर तेवढेच फेरे मागे राहतो आणि सुमारे 9,870 घेतो. त्याच्या प्रत्येक फेऱ्याला सुताला एक पीळ पडतो, म्हणजे मीटरला 820 च्या आसपास. बॉबिन भरून व्यास 4 सेंटिमीटर झाला की 95 वेढे पुरतात आणि ट्रॅव्हलर आपोआप तेवढाच मागे राहतो. कुणी काही जुळवत नाही! रिंगचा व्यास 5 सेंटिमीटर धरला, तर ही कडी ताशी 90 किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. ती तापते, झिजते. चातीच्या वेगाला मर्यादा पडते ती बरीचशी इथेच.

इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं लँकेशायर म्यूलला चिकटून राहिलं. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे तिथे रिंग चालवून पाहिल्या. भारतात त्या लवकर स्वीकारणाऱ्यांत ही गिरणी होती. जपाननेही रिंग उचलल्या आणि खेड्यांतून आणलेल्या तरुण मुली दिवसपाळी-रातपाळीत त्यांच्यावर उभ्या केल्या.

माणसाकडे उरलं काय? तुटलेला धागा जोडायचा आणि भरलेली बॉबिन काढून रिकामी लावायची. दुसरं काम बहुधा मुलांकडे जाई. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास राबवायला मुभाच होती. शिवाय थोडक्या काळात शिकता येणाऱ्या कामाला माणूस सहज बदलता येतो. मुंबईत रोज सकाळी गिरणीच्या दाराशी कोकणातून, घाटावरून आलेले बदली कामगार उभे असत. कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ठरवी आणि त्याची दस्तुरीही, म्हणजे दलालीही, घेई. यंत्राने हातातली कला घेतली, तेव्हा भाव मागण्याची ताकदही गेली. ती एकट्याला परत मिळणारी नव्हती. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि वेळेवर पगार. यातला रविवार मिळायला 1890 साल उजाडलं.